बौद्धिक अक्षमता आणि मनावरील आघात : घर, विशेष शाळा व निवासी संस्था यांच्यासाठी मार्गदर्शन

मारतो, चावतो, कपडे फाडतो, रात्रभर जागतो, अशा तक्रारी घेऊन बौद्धिक अक्षमता असलेल्या एखाद्या तरुणाला दवाखान्यात आणले जाते, तेव्हा ‘औषध वाढवायचे का?’ हा प्रश्न सर्वांत आधी निघतो. ‘गेल्या काही महिन्यांत याच्या बाबतीत काय घडले?’ हा प्रश्न निघालाच तर अगदी शेवटी निघतो, आणि तोवर सोबत आलेले नातेवाईक जायला उठलेले असतात. त्याचे सगळे वागणे त्याच्या अक्षमतेच्या खात्यावर टाकून मंडळी मोकळी झालेली असतात. तज्ज्ञही याला अपवाद नाहीत. एकाच प्रकारची लक्षणे सांगितली, पण त्यासोबत व्यक्तीला बौद्धिक अक्षमता आहे असेही कळवले, तर मानसोपचार क्षेत्रातील लोक मानसिक आजाराचा विचार कमी करतात, हे अमेरिकेतील संशोधकांनी १९८२ मध्येच दाखवून दिले होते.

वास्तविक ज्यांच्याबाबत हा प्रश्न सर्वांत आधी विचारायला हवा, ती हीच माणसे आहेत. २०१२ मध्ये ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात, प्रामुख्याने श्रीमंत देशांतील अभ्यासांचे एकत्रित विश्लेषण प्रसिद्ध झाले. अपंगत्व असलेल्या मुलांवर हिंसाचार होण्याची शक्यता इतर मुलांच्या ३.७ पट, आणि मानसिक किंवा बौद्धिक अक्षमता असलेल्या मुलांवर लैंगिक अत्याचार होण्याची शक्यता ४.६ पट असल्याचे त्यात आढळले.

मात्र आघात म्हणजे केवळ अत्याचार नव्हे. आजीचा मृत्यू आणि त्याबद्दल कोणी काहीच न सांगणे, लहानपणी हातपाय धरून केलेली दातांची शस्त्रक्रिया, गल्लीतील मुलांची रोजची टिंगल, घरातून अचानक निवासी संस्थेत झालेली रवानगी, २०२० च्या टाळेबंदीत एका दिवसात बंद झालेली कार्यशाळा, यांपैकी कशाचाही आघात होऊ शकतो. जे घडते आहे ते का घडते आहे आणि कधी संपणार आहे, हे ज्याला उमगत नाही, त्याच्यासाठी आपल्या दृष्टीने किरकोळ असलेला प्रसंगही भयंकर ठरू शकतो.

या लेखात सांगितलेली देखभाल ही आठवड्यातून एकदा तज्ज्ञाकडे होणारी गोष्ट नाही. जी आई अंघोळ घालते, ज्या मावशी शाळेत कपडे बदलतात, जो चालक रोज व्हॅनमध्ये बसवतो, त्यांच्या हातांत तिचा मोठा भाग आहे. म्हणून पुढील पायऱ्याही त्यांच्या कामाच्या क्रमाने मांडल्या आहेत.

पहिली पायरी : शरीराची तपासणी

वागण्यात अचानक बदल झाला, तर मनाकडे वळण्यापूर्वी शरीर तपासून घ्यावे. ज्याला ‘दुखते’ एवढेही सांगता येत नाही, तो दाढ किडली की स्वतःच्या गालावर मारून घेतो, कान फुटला की डोके भिंतीवर आपटतो आणि बद्धकोष्ठ असले की जेवणाचे ताट भिरकावतो. दात, कान, पोट, लघवीचा संसर्ग, पाळीच्या वेळच्या वेदना आणि फिट्स यांची तपासणी करावी. डाउन सिंड्रोम असलेल्यांमध्ये थायरॉइडची कमतरता बरीच आढळते, तीही पाहून घ्यावी. नुकतेच एखादे औषध सुरू केले असेल किंवा वाढवले असेल, तर त्याची तारीख डॉक्टरांना आवर्जून सांगावी, कारण मनोविकारांवरील काही औषधांमुळे पायांत अशी अस्वस्थता निर्माण होते की माणूस एका जागी बसू शकत नाही, आणि ती अस्वस्थता ‘आक्रमकता’ म्हणून नोंदली जाऊन तेच औषध आणखी वाढवले जाण्याची भीती असते.

दुसरी पायरी : खुणा ओळखणे

सौम्य अक्षमता असलेली व्यक्ती भीतीदायक आठवणी आणि वाईट स्वप्ने यांबद्दल आपल्या शब्दांत सांगू शकते, फक्त तिला वेळ द्यावा लागतो. तीव्र अक्षमता असलेल्यांच्या बाबतीत वागणे हीच भाषा असते. आलेली कौशल्ये मागे पडणे, विशेषतः अनेक वर्षांपूर्वी सुटलेली अंथरूण ओले करण्याची सवय परत येणे, विशिष्ट माणूस, खोली, वास किंवा रस्ता टाळणे, किंचित आवाजाने दचकणे, अंगाला हात लावू न देणे किंवा उलट कोणालाही बिलगून सोडायला तयार नसणे, बाहुलीशी किंवा लहान मुलाशी घडलेला प्रसंग पुन्हा पुन्हा करून दाखवणे, आणि पूर्वी आवडणाऱ्या गोष्टींत रस न उरणे, या त्यातील ठळक खुणा होत.

येथे एक सावधगिरी हवी. काळाची जाण कच्ची असलेली व्यक्ती चार वर्षांपूर्वीची घटना ‘आत्ता मारले’ अशी वर्तमानकाळात सांगते आणि समोर कोणी नसताना त्या माणसावर ओरडते. ऐकणाऱ्याला तो भास वाटतो आणि डॉक्टरांनाही तसेच सांगितले जाते. प्रत्यक्षात ती आठवण असू शकते. म्हणून ‘याला भास होतात’ असे सांगण्याऐवजी तो काय बोलतो, कोणाचे नाव घेतो आणि त्या वेळी कोठे पाहतो, ते जसेच्या तसे सांगावे.

तिसरी पायरी : नोंदवही

‘सकाळी खूप चिडला, मावशींना चावला’ अशी नोंद बहुतेक वह्यांमध्ये आढळते आणि तिचा काहीही उपयोग नसतो. तीच घटना अशी लिहून पाहावी : ‘८ वाजून १० मिनिटे. बाथरूम. पाठीमागून बादलीत नळ सोडला. त्याने कानांवर हात ठेवले व दाराकडे सरकला. मावशींनी दंड धरून आत ओढले. तेव्हा चावला. दार उघडल्यावर बाहेर येऊन कोपऱ्यात बसला, वीस मिनिटांनी शांत.’ या नोंदीत चावणे सहाव्या वाक्यात येते. त्याआधी नळाचा आवाज आहे, पाठीमागून झालेली हालचाल आहे, कान झाकून आणि दाराकडे सरकून त्याने दोनदा दिलेला नकार आहे आणि शेवटी दंडाला धरलेली पकड आहे. चावण्यापर्यंतची प्रत्येक गोष्ट आपल्याला बदलता येण्याजोगी आहे.

नोंद करताना चार गोष्टी पाहाव्यात : आधी काय झाले, कोण हजर होते, त्याने काय केले आणि त्यानंतर आपण काय केले. शेवटची बाब लोक हटकून गाळतात, कारण तेथे आपले स्वतःचे वागणे लिहावे लागते. दोन-तीन आठवड्यांच्या नोंदी एकत्र वाचल्या की विशिष्ट वार, विशिष्ट पाळीतील कर्मचारी किंवा विशिष्ट जागा पुन्हा पुन्हा दिसू लागते. ती दिसली तर दुर्लक्ष करू नये, आणि लगेच कोणावर आरोपही करू नये. त्या वेळेस त्या व्यक्तीसोबत दुसरे विश्वासू माणूस असेल अशी व्यवस्था आधी करावी.

चौथी पायरी : दिवसाची फेरमांडणी

सुरक्षितता म्हणजे पुढे काय होणार हे ठाऊक असणे. सकाळपासून रात्रीपर्यंतच्या कामांची चित्रे किंवा फोटो भिंतीवर त्याच्या डोळ्यांच्या उंचीवर ओळीने लावावेत, आणि झालेल्या कामाचे चित्र त्याच्याच हाताने काढून ठेवू द्यावे. चित्र कळत नसेल तर वस्तू दाखवावी : टॉवेल म्हणजे अंघोळ, डबा म्हणजे शाळा. बेत बदलला तर चित्र बदलून सांगावे, गुपचूप बदलू नये. ‘बागेत जाऊ’ म्हणून दवाखान्यात नेण्याची पद्धत घराघरांत आहे. त्या दिवसाचे काम तिने भागते, पण त्यानंतर बागेचे नाव काढले तरी मूल घराबाहेर पडत नाही.

अंगाला हात लावण्याआधी समोर यावे, नाव घ्यावे, काय करणार ते सांगावे आणि थांबावे. हे थांबणे सर्वांत अवघड आहे, कारण आपल्याला घाई असते आणि त्याला वाक्य समजून घ्यायला आपल्यापेक्षा जास्त वेळ लागतो. मनात सावकाश दहापर्यंत मोजले तरी पुरे. अंघोळीच्या वेळी तांब्या त्याच्या हातात द्यावा, पाणी आधी पायावर, मग हातावर घ्यावे, डोक्यावर शेवटी. अंतर्वस्त्रे शक्यतो त्याची त्याला बदलू द्यावीत, मदत लागलीच तर अंग टॉवेलने झाकलेले असावे आणि दार लोटलेले असावे. तीस मुलांच्या वसतिगृहात रांगेने उघड्यावर अंघोळ घातली जात असेल, तर इतर कोणत्याही सुधारणेआधी तेथे पडदे लावावेत.

निवड खरी असावी. ‘अंघोळ करायची का?’ असे विचारून ‘नाही’ म्हटल्यावर ओढत नेणे यापेक्षा ‘निळा टॉवेल की पिवळा? आधी दात की आधी अंघोळ?’ असे विचारणे प्रामाणिकपणाचे आहे. शांत होण्यासाठी एखादा कोपरा ठरवावा, तेथे त्याची चादर, आवडती वस्तू, कमी उजेड असावा. मात्र शिक्षा म्हणून त्याच कोपऱ्यात बसवायला सुरुवात केली की त्याचा उपयोग संपला. निवासी संस्थांत काळजीवाहक वारंवार बदलतात, यावर संस्थाचालकांचे पूर्ण नियंत्रण नसते हे मान्य, पण जाणाऱ्या कर्मचाऱ्याने निरोप घेऊन जावे आणि येणाऱ्याने काही दिवस त्याच्यासोबत काम करावे, एवढे जमण्यासारखे आहे.

पाचवी पायरी : उद्रेकाच्या वेळी

त्या क्षणी समजावणे, दटावणे आणि ‘सॉरी म्हण’ हे सारे व्यर्थ असते. आवाज खाली आणावा, शब्द कमी करावेत, इतर मुलांना बाहेर न्यावे, दार मोकळे ठेवावे, आपण बाजूला, शक्य तर त्याच्या उंचीवर बसावे. एकाच माणसाने बोलावे. बघ्यांची गर्दी हटवणे हे निम्मे काम आहे. तो शांत झाल्यावर पाणी द्यावे, आणि जे झाले त्याची उजळणी त्याच दिवशी करण्याचा हट्ट धरू नये.

बांधून ठेवणे, खोलीत कोंडणे, उपाशी ठेवणे किंवा गुंगीत राहील इतके औषध देणे ही ‘शिस्त’ नव्हे. दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम, २०१६ मधील कलम ६ क्रूर व अमानवी वागणुकीपासून संरक्षण देते, आणि कलम ७ नुसार अशा छळाची माहिती कोणतीही व्यक्ती किंवा नोंदणीकृत संस्था कार्यकारी दंडाधिकाऱ्यांना देऊ शकते. जीव वाचवण्यासाठी, उदाहरणार्थ रस्त्यावर धावत सुटलेल्याला, धरावे लागले तर तो धोका टळेपर्यंतच धरावे आणि नंतर त्याची लेखी नोंद करावी.

सहावी पायरी : दवाखाना, पाळी आणि शस्त्रक्रिया

दवाखान्यात नेण्याआधी एकदा नुसतेच जाऊन यावे : खुर्चीवर बसावे, डॉक्टरांना नमस्कार करावा, परत यावे. घरी खेळण्यातला स्टेथोस्कोप आणि सुईविना सिरिंज हाताळू द्यावी. पहिली वेळ मागून घ्यावी, कारण दोन तासांच्या प्रतीक्षेनंतर कोणतीही तयारी टिकत नाही. दुखणार असेल तर ‘काही होत नाही’ म्हणू नये. ‘टोचेल, पाच मोजेपर्यंत, मग संपेल’ असे म्हणावे आणि पाच मोजून होताच खरोखर संपवावे.

मुलींच्या पाळीचा प्रश्न महाराष्ट्राला कटू रीतीने परिचित आहे. १९९४ मध्ये शिरूरच्या शासकीय गृहातील मुलींची गर्भाशये पुण्याच्या ससून रुग्णालयात काढण्यात आली, ‘त्यांना पाळीची स्वच्छता जमत नाही’ हे कारण देण्यात आले, आणि स्त्री-संघटनांच्या विरोधानंतर ते थांबले. आज २०१६ च्या अधिनियमातील कलम १० नुसार, वंध्यत्व येईल अशी कोणतीही वैद्यकीय प्रक्रिया त्या व्यक्तीच्या स्वतःच्या, समजून-उमजून दिलेल्या संमतीविना करता येत नाही. शिवाय गर्भाशय काढल्याने अत्याचाराचा धोका कमी होत नाही, फक्त त्याचा एक पुरावा नाहीसा होतो, हे पालकांना स्पष्ट सांगावे. पॅड बदलणे चित्रांच्या साहाय्याने, आईच्या किंवा ताईच्या सोबतीने आणि पाळी येण्याच्या आधीपासून शिकवता येते. रोज थोडा वेळ कोरडे पॅड लावून बसण्यापासून सुरुवात करावी.

सातवी पायरी : घरातील मृत्यू

‘बाबा गावाला गेलेत’ असे सांगितले की मुलगा प्रत्येक सुट्टीत गावाला जाण्यासाठी पिशवी भरून दारात बसतो, आणि ‘बाबा झोपलेत’ असे सांगितले की त्याला झोपेचीच भीती वाटू लागते. ‘बाबा वारले. त्यांचे शरीर बंद पडले. ते परत येणार नाहीत. तुझ्यामुळे झाले नाही,’ असे थेट शब्द वापरावेत. त्याला शेजारच्या घरी पाठवून देण्याऐवजी अंत्यदर्शन घेऊ द्यावे, एक माणूस खास त्याच्यासोबत ठेवावा आणि दहाव्या-तेराव्याच्या कामांतील लहानसे काही, फुले देणे किंवा पाने मांडणे, त्याला करू द्यावे. दुःख कित्येक महिन्यांनी प्रकट होऊ शकते, तेव्हा त्याचा संबंध मृत्यूशी जोडायचे कोणाच्या लक्षात येत नाही, म्हणून तारीख नोंदवहीत लिहून ठेवावी.

आठवी पायरी : अत्याचाराबद्दल त्याने काही सांगितले तर

चेहरा शांत ठेवावा. ‘मला सांगितलेस, बरे केलेस’ म्हणावे. ‘काकांनीच केले ना?’ असे उत्तर सुचवणारे प्रश्न विचारू नयेत. ‘पुढे काय झाले?’ एवढेच पुरे. त्याचे शब्द, अवयवांसाठी त्याने वापरलेले घरगुती शब्दसुद्धा, जसेच्या तसे, वेळेसह लिहून ठेवावेत. प्रत्येक नातेवाइकासमोर आणि मुख्याध्यापकांसमोर पुन्हा वदवून घेऊ नये, त्यातून त्याला पुन्हा तोच त्रास होतो आणि कोर्टात साक्षही कमकुवत ठरते. अंघोळ घालू नये, अंगावरचे कपडे धुऊ नयेत, कागदी पिशवीत ठेवावेत. वैद्यकीय तपासणी लवकरात लवकर करून घ्यावी. एचआयव्ही प्रतिबंधक औषधे सुरू करण्याची मर्यादा ७२ तासांची आहे, आणि गर्भनिरोधक गोळीही जितक्या लवकर द्यावी तितका तिचा उपयोग होतो. सरकारी असो वा खासगी, प्रत्येक रुग्णालयाने पीडितेला तत्काळ मोफत उपचार देणे भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम ३९७ नुसार बंधनकारक आहे.

वय १८ पेक्षा कमी असेल तर पोक्सो, म्हणजे बालकांना लैंगिक अत्याचारापासून संरक्षण देणाऱ्या कायद्याच्या कलम १९ नुसार पोलिसांना कळवणे प्रत्येकावर बंधनकारक आहे. न कळवणाऱ्याला सहा महिन्यांपर्यंत, संस्थेतील कर्मचाऱ्याबाबत न कळवणाऱ्या संस्थाप्रमुखाला एक वर्षापर्यंत कैद होऊ शकते. ‘संस्थेचे नाव खराब होईल’ ही सबब कायदा ऐकत नाही. येथे एक गैरसमज सर्रास आढळतो : मुलगी ३० वर्षांची असली तरी तिचे मानसिक वय सहा असल्याने पोक्सो लागू होईल असे लोक धरून चालतात. सर्वोच्च न्यायालयाने २०१७ मध्ये पोक्सोतील वय म्हणजे जन्माने मोजलेले वय असा निर्वाळा दिला. प्रौढ स्त्रीच्या प्रकरणात भारतीय न्याय संहितेचे कलम ६४ लागते, आणि मानसिक वा शारीरिक अक्षमता असलेल्या स्त्रीवरील बलात्कारासाठी त्यात किमान दहा वर्षांची शिक्षा आहे.

लैंगिक गुन्ह्याची फिर्याद नोंदवताना पोलिसांनी तिच्या घरी किंवा तिच्या सोयीच्या जागी येऊन, विशेष शिक्षक किंवा दुभाषी यांच्या उपस्थितीत आणि चित्रीकरण करून जबाब घ्यायचा असतो. हे मागून घ्यावे, आपोआप होईल असे समजू नये. तिच्या खाणाखुणा समजणाऱ्या शिक्षिकेचे नाव आधीच सुचवावे. मुलांसाठी १०९८ आणि तातडीसाठी ११२ हे क्रमांक आहेत. अत्याचारपीडितांसाठीच्या राज्याच्या मनोधैर्य योजनेतील अर्थसाहाय्यासाठी जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे अर्ज करावा.

नववी पायरी : ‘नाही’ म्हणायला शिकवणे

विशेष शाळांत ‘ऐकतो’ ही सर्वांत मोठी शाबासकी समजली जाते, आणि माझ्या मते आपल्या प्रशिक्षणातील सर्वांत धोकादायक गोष्ट हीच आहे. वीस वर्षे प्रत्येक मोठ्या माणसाचे निमूटपणे ऐकायला शिकवलेला मुलगा एके दिवशी चुकीच्या माणसाचेही ऐकणारच. त्यामुळे दिवसातून काही नकार मानले गेलेच पाहिजेत : नको असलेली भाजी, नको असलेला शर्ट, ‘मामांना पापी दे’ ला दिलेला नकार. सर्व अवयवांची खरी नावे शिकवावीत, आणि कोणत्या कामासाठी कोण हात लावू शकतो, हे चित्रांतून दाखवावे. बोलता येत नसेल तर तळहात पुढे करणे ही खूण ‘थांबा’ साठी ठरवावी आणि ती घरात, व्हॅनमध्ये व वर्गात सर्वांनी पाळावी.

दहावी पायरी : तज्ज्ञांची मदत आणि आपली स्वतःची काळजी

वरील बदल दोन-तीन महिने करूनही झोप, भूक आणि भीती सुधारत नसेल, किंवा स्वतःला इजा करणे वाढत असेल, तर भारतीय पुनर्वास परिषदेकडे नोंदणी असलेल्या चिकित्सालयीन मानसशास्त्रज्ञाकडे जावे. इजा गंभीर असेल तर एवढे थांबू नये. आघातावरील ईएमडीआर (डोळ्यांच्या हालचालींच्या साहाय्याने त्रासदायक आठवणी हाताळण्याची पद्धत) आणि वर्तन-विचार उपचार या पद्धती सोपी भाषा, चित्रे आणि छोटी सत्रे वापरून बौद्धिक अक्षमता असलेल्यांसाठीही राबवता येतात. ‘यापूर्वी अशा व्यक्तींबरोबर काम केले आहे का?’ असे पहिल्याच भेटीत विचारण्यात संकोच नसावा.

देखभाल करणाऱ्याचा संयम संपला की वरील सर्व सूचना कागदावर राहतात. बहुतेक घरांत हा भार एकट्या आईवर असतो, आणि ‘आमच्यानंतर याचे कसे?’ हा विचार तिला रात्री झोपू देत नाही. चावा घेतलेल्या मावशींना त्या दिवशी पुन्हा त्याच मुलाच्या अंघोळीला पाठवू नये. आईला आठवड्यातून काही ठरलेले तास सुट्टी मिळेल अशी व्यवस्था भावंडांनी आणि नातेवाइकांनी लेखी ठरवावी, कारण ‘कधीही सांग, येतो’ असे म्हणणारे ऐन वेळी येत नाहीत. मन फार थकले तर १४४१६ या टेली-मानसच्या, म्हणजे मानसिक आरोग्यासाठीच्या सरकारी दूरध्वनी सेवेच्या क्रमांकावर मराठीतही बोलता येते.

हे सर्व सुरू झाले की त्या व्यक्तीबद्दल एक पान तयार करावे. त्याला कशाची भीती वाटते, कोणत्या खुणेने तो ‘नाही’ म्हणतो, कशाने शांत होतो, अंगाला हात लावण्यापूर्वी काय करावे, कोणती औषधे चालू आहेत आणि कोणत्या विषयावर प्रश्न विचारू नयेत, एवढे त्यात असावे. घडलेल्या अत्याचाराचा तपशील मात्र त्यात लिहू नये, तो फक्त ज्यांना आवश्यक आहे त्यांनाच तोंडी सांगावा. त्या पानाची एक प्रत दप्तरात यूडीआयडी कार्डासोबत (दिव्यांगांचे सरकारी ओळखपत्र), एक व्हॅनमध्ये आणि एक नव्याने रुजू होणाऱ्या प्रत्येक कर्मचाऱ्याच्या हाती द्यावी, आणि औषध, शाळा किंवा घर बदलले की त्याच आठवड्यात पान नव्याने लिहावे.